कंपनीच्या स्टिरिओत खिशातलं गाणं

कोठीहून पुतलीबावलीकडे निघालं की गाडीच्या सामानाची दुकानं सुरू होतात. सीट कव्हर, काचेची फिल्म, हॉर्न, रिव्हर्स कॅमेरे आणि मोठ्या पडद्यांचे अँड्रॉइड स्टिरिओ. याच भागात जांबागला विवेकवर्धिनी आहे, १९०७ पासूनची, त्यामुळे हैदराबादच्या मराठी माणसाला हा रस्ता शाळेच्या दिवसांपासून पायाखालचा. जुनी गाडी घेऊन इथं आलात आणि ‘हिच्या स्टिरिओला माझा प्लेअर जोडायचाय’ म्हणालात, तर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ठरलेला असतो: हा काढा, नवा बसवा.

असा निर्णय घेण्याआधी जुन्या स्टिरिओकडे एकदा नीट पाहावं, असं माझं आग्रहाचं मत आहे. २००५ च्या आगेमागे घेतलेल्या इनोव्हा, होंडा सिटी, ऑक्टाव्हिया आजही शहरात पळताहेत. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून लोकांनी त्या राखल्या आहेत. त्यांचा स्टिरिओ त्याच डॅशबोर्डसाठी घडवलेला असतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत तर त्याची रुंदी नेहमीच्या १८० मिलिमीटरऐवजी २०० मिलिमीटर असते. तिथं बाजारातला सेट बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बुजवावी लागते. बरं, जुन्या स्टिरिओतला ॲम्प्लिफायर सहसा उत्तम चालू असतो, रेडिओ स्वच्छ पकडतो. नसतो फक्त बाहेरचं गाणं आत घ्यायला ‘ऑक्स’चा जॅक.

आणि बाहेरचं गाणं घरोघरी आहे. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं, अभंग, आकाशवाणीवरून टिपलेल्या मैफिली एखाद्या आयपॉडमध्ये किंवा सोनीच्या छोट्या वॉकमनमध्ये साठवलेल्या असतात. आयपॉड २००१ मध्ये आला, ॲपलनं त्याचं शेवटचं मॉडेल मे २०२२ मध्ये बंद केलं, पण बॅटरी बदलून ते चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. सोलापूर-पुण्याकडे निघालेल्या कुटुंबाला राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, झहीराबाद मागे पडून उमरगा-नळदुर्ग येईपर्यंत, हीच सोबत हवी असते.

आधी स्टिरिओच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ट्यूनर, टेप किंवा सीडी यांच्याकडून येणारा आवाज आधी एका चिपकडे जातो. कुठला स्रोत ऐकू यावा, व्हॉल्यूम, बेस आणि ट्रेबल किती, हे ती ठरवते. तिला ऑडिओ प्रोसेसर म्हणतात. टीडीए७३१३ हे तिचं एक गाजलेलं उदाहरण, तिच्यात तीन स्टिरिओ स्रोत घेता येतात. तिथून आवाज पॉवर ॲम्प्लिफायरच्या चिपकडे, उदाहरणार्थ टीडीए७३८८, आणि मग चार स्पीकरना. प्रोसेसरच्या आधीचा संकेत नाजूक असतो, साधारण ०.३ व्होल्टच्या आसपास. प्लेअरचा हेडफोनचा जॅक पूर्ण आवाजात एक व्होल्टच्या आतबाहेर देतो. म्हणजे दोघांची पातळी जुळण्यासारखी आहे. आपल्याला गाणं प्रोसेसरच्या आधी आणून सोडायचं आहे, एवढंच खरं काम.

त्याच्या उलट, स्पीकरच्या वायरींशी प्लेअरचं काहीही नातं जोडू नये. या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं ‘गरम’ असतात. प्रत्येकावर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट स्थिर दाब असतो. स्पीकरची काळपट पट्ट्याची वायर म्हणजे अर्थ, असं समजून कुणी ती बॉडीला टेकवली तर चिप जाऊ शकते.

स्टिरिओ बाहेर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. पण त्याच्याही आधी गाडीच्या कागदपत्रांत रेडिओचा कोड शोधून ठेवा. होंडा आणि स्कोडाचे बरेच सेट चोरी टाळण्यासाठी वीज तुटली की कोड मागतात आणि तो मिळेपर्यंत मुके बसतात. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही. केबल सोडल्यावर काही मिनिटं थांबूनच काम सुरू करायचं.

सेट बाहेर आला की पाठ पाहा. युरोपी पद्धतीच्या सेटवर आयएसओचे कपलर दिसतात. ‘ए’ भागात वीज, ‘बी’ भागात आठ पिनांत चार स्पीकर. ‘ए’मध्ये चौथी पिन कायम १२ व्होल्टची, सातवी किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या १२ व्होल्टची, आठवी अर्थची. काही गाड्यांत चौथी आणि सातवी यांची अदलाबदल असते, म्हणून कागदावर विश्वास न ठेवता मल्टीमीटर लावा. टोयोटात दहा पिनांचा एक आणि सहा पिनांचा एक असे दोन पांढरट कपलर असतात: पहिल्यात वीज आणि पुढचे स्पीकर, दुसऱ्यात मागचे. यांखेरीज एखादा रिकामा कपलर दिसला तर आनंद माना. तो बहुधा सीडी चेंजरसाठी ठेवलेला असतो.

चेंजर म्हणजे डिकीत किंवा सीटखाली बसणारी सहा सीडींची पेटी. आयएसओत तिच्यासाठी ‘सी’ भागातला निळा कपलर असतो आणि स्कोडा-फोक्सवॅगनच्या जुन्या सेटवर त्यातल्या १९ आणि २० क्रमांकाच्या पिनांवर डावा-उजवा आवाज, तर १८ वर आवाजाचा अर्थ येतो. वाटतं की इथं जॅक जोडला की संपलं. पण सेट आधी चेंजरला हाक मारतो, डेटाच्या वायरींवरून उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर आलं नाही तर चेंजरचं बटणच चालू देत नाही. त्यासाठी छोटी पेटी मिळते, ती चेंजर असल्याचं उत्तर देत राहते आणि आपलं गाणं त्या पिनांवर सोडते. तुमच्या मॉडेलची पेटी मिळाली तर डोळे मिटून हीच निवडा. एकही वायर कापावी लागत नाही, स्टिअरिंगवरची बटणं चालतात, आणि काढायची झाली तर सेट जसाच्या तसा राहतो.

रिकामा कपलर नसेल तर लोक आधी एफएमकडे वळतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा ट्रान्समीटर प्लेअरचं गाणं एका फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि स्टिरिओ ते रेडिओ म्हणून पकडतो. हैदराबादेत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, आकाशवाणीची रेनबो १०१.९, विविध भारती १०२.८ अशी रांग लागलेली आहे. मधली मोकळी जागा शहराच्या एका भागात सापडते आणि दुसऱ्या भागात शेजारच्या स्टेशनाखाली दबते. महामार्गावर सोलापूर जवळ येऊ लागलं की तिथली स्टेशनं आड येतात. शिवाय एफएमची आवाजाची मर्यादाच १५ किलोहर्ट्झपर्यंत आहे. यातला बरा प्रकार म्हणजे वायरचा मॉड्युलेटर. तो अँटेनाच्या वायरीत मध्ये बसतो आणि चालू केला की अँटेना तोडून फक्त आपलं गाणं सेटला देतो. स्टेशनांचा त्रास बराच कमी होतो. पण आवाज आधी रेडिओलहरीत गुंफायचा आणि दोन हातांवर पुन्हा सोडवायचा, हा द्राविडी प्राणायाम टाळता आला तर टाळावा.

कॅसेटचा सेट असेल तर कॅसेट अडॅप्टर अजून मिळतो, आणि तो एफएमपेक्षा मला कधीही जवळचा. त्याच्यात फीत नसते. प्लेअरचा संकेत एका छोट्या हेडमध्ये जातो, ते हेड सेटच्या हेडसमोर येतं आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र थेट उचललं जातं. आतली दातेरी चाकं फक्त सेटची समजूत घालण्यासाठी असतात. ती फिरली नाहीत तर ऑटो-रिव्हर्सच्या सेटला फीत संपली असं वाटतं आणि तो बाजू बदलत बसतो. आवाज बसका वाटला तर आधी सेटचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा. वर्षानुवर्षांच्या फितीची तपकिरी पूड तिथं साचलेली असते, आणि ती गेली की तंबोऱ्याची जवारी परत ऐकू येते.

आता थेट जोडणीकडे वळू. सेट उघडायला लागतो, सोल्डरिंगचा हात लागतो, गाडी वॉरंटीत असेल तर हा विचारही करू नये. एसी आणि कॅमेरा ज्याच्याशी बांधलेला आहे, असा नव्या गाडीतला पडद्याचा सेटही उघडू नये. पण जुन्या सेटवर नीट केलेल्या या कामाला आवाजात तोड नाही. सामान कोठीतल्या गुजराती गल्लीत एका फेरीत मिळतं: पाच पायांचं ३.५ मिलिमीटरचं स्विचवालं सॉकेट, दोन पदरांची शिल्डेड वायर, काही कपॅसिटर, दहा किलोओहमचे रेझिस्टर, हीट श्रिंकच्या नळ्या.

ट्यूनर हा बोर्डावर वेगळा उभा राहणारा पत्र्याचा डबा असतो, अँटेनाचं भोक त्यालाच असतं. त्याच्या पायांपैकी दोन पायांवर डावा आणि उजवा आवाज बाहेर पडतो. बऱ्याच बोर्डांवर शेजारीच ‘एल’ आणि ‘आर’ छापलेलं असतं. नसेल तर प्रोसेसर चिपचा क्रमांक वाचा, तिचं माहितीपत्रक काढा आणि तिच्या इनपुटच्या पायापासून मागे मागे येत मल्टीमीटरच्या बीपवर वाट शोधा. वाटेत प्रत्येक बाजूला एक कपॅसिटर लागेल. त्याच्या पलीकडे, प्रोसेसरच्या बाजूला, चार व्होल्टच्या आसपास स्थिर दाब असतो. तो प्लेअरपर्यंत पोहोचता कामा नये. म्हणून तांब्याची रेघ कापायची ती ट्यूनर आणि कपॅसिटर यांच्या मधे. मूळ कपॅसिटर मग आपोआप पहारेकरी होतो.

कापलेल्या रेघेची दोन टोकं सॉकेटला न्यायची. ट्यूनरकडचं टोक स्विचच्या पायाला, प्रोसेसरकडचं टोक टोकाच्या, म्हणजे ‘टिप’च्या पायाला. हे डाव्यासाठी, उजव्यासाठी तसंच ‘रिंग’च्या पायाला आणि त्याच्या स्विचला. रेल्वेच्या सांध्यासारखं हे चालतं: सॉकेट रिकामं असताना आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि रेडिओ पूर्वीसारखा वाजतो, पिन घुसली की पट्टी उचलली जाते, ट्यूनर तुटतो आणि त्याच वाटेनं प्लेअर आत येतो. पाचवा पाय अर्थचा. तो बोर्डावरच्या ट्यूनरजवळच्या अर्थलाच जोडा, बाहेरच्या पत्र्याला नको. याचं कारण पुढे येतंच आहे. शिल्डेड वायरीची जाळीही सेटच्या बाजूला याच अर्थवर.

ट्यूनरच्या पायावरही स्थिर दाब निघाला तर त्या बाजूला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, आणि त्याच्या सॉकेटकडच्या टोकापासून अर्थला दहा किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे पिन काढताना स्पीकरमधून ‘ठप्प’ असा धक्का येणार नाही. प्रोसेसरच्या बाजूचा मूळ कपॅसिटर खराब म्हणून बदलायचा झाला, तरी तिथं एक मायक्रोफॅरड पुरतो. टीडीए७३१३ चं इनपुट पन्नास किलोओहमचं आहे, त्या हिशेबानं खर्जाची कापणी तीन हर्ट्झच्या आसपास येते, आणि पखवाजाची धूम त्याच्या खूप वर आहे.

सोल्डरिंग झाल्यावर प्लेअर लगेच जोडू नका. सेटला वीज द्या, सॉकेटच्या टिप आणि अर्थमध्ये मल्टीमीटर धरा, मग रिंग आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे शून्य दिसलं पाहिजे. व्होल्टभरही दिसला तर कुठंतरी कपॅसिटरच्या चुकीच्या बाजूला कापलं आहे.

वापरताना सेट रेडिओवर ठेवायचा. काही सेट कमकुवत स्टेशनावर स्वतःहून आवाज दाबतात आणि हे दाबणं प्रोसेसरमध्ये होत असेल तर आपलं गाणंही दबतं. अशा वेळी विविध भारतीसारखं दणदणीत स्टेशन लावून ठेवावं. ते ऐकू येणार नाही, पण सेट जागा राहील. महामार्गावर मात्र ही युक्ती स्टेशन संपलं की संपते. म्हणून लांबच्या प्रवासवाल्यांनी ट्यूनरऐवजी सीडीची वाट कापावी आणि पूर्ण शांततेची एक सीडी जाळून ती आत चालू ठेवावी.

आता विजेकडे येतो, कारण बहुतेक जोडण्या इथंच बिघडतात आणि दोष उगाच स्टिरिओला दिला जातो.

प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर असताना आवाज स्वच्छ असतो. चार्जर लावला की एक बारीक शीळ सुरू होते आणि रेस दिली की वर चढते. ही शीळ अल्टरनेटरची. हिशेब करून पाहा. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट वेगानं फिरतो असं धरा. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर २२५० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ३७.५. सहा ध्रुवजोड्यांमुळे वीज सेकंदाला २२५ आवर्तनं करते, आणि तीन फेजची वीज डायोडमधून सरळ करताना प्रत्येक आवर्तनात सहा लाटा उरतात. एकूण १३५० हर्ट्झ. इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं की ४५०० हर्ट्झ. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झमध्येच सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे गाडी वेग घेते तसतशी ही शीळ अधिक टोचते.

ती आवाजात शिरते अर्थच्या मार्गे. चार्जरची निगेटिव्ह लायटरच्या सॉकेटातून बॉडीच्या एका ठिकाणी जाते. गाण्याच्या वायरीचा अर्थ स्टिरिओतून बॉडीच्या दुसऱ्याच ठिकाणी जातो. पत्रा एकच असला तरी त्यातून हेडलाइट, ब्लोअर, अल्टरनेटर सगळ्यांचे प्रवाह वाहत असतात, म्हणून त्या दोन ठिकाणांमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक पडतो. प्लेअरनं दोन्ही टोकं जोडून वेटोळं पूर्ण केलं की हा फरक गाण्याच्या अर्थवर बसतो. ०.३ व्होल्टच्या संकेतावर तीन मिलिव्होल्ट म्हणजे एक टक्का. ढोलकीच्या गजरात तो लपतो, पण ख्यालाच्या सुरुवातीच्या तंबोऱ्यात लपत नाही.

उपाय खर्चाच्या चढत्या क्रमानं करावेत. पहिला फुकटचा: प्लेअरची वीज लायटरऐवजी स्टिरिओच्याच कपलरवरून घ्या. किल्लीवर येणारी १२ व्होल्टची वायर आणि तिथलाच अर्थ. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी आले की वेटोळं जवळजवळ मिटतं. या वायरीवर सुरुवातीलाच एक-दोन अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूजशिवाय डॅशबोर्डमागे एक वायरही सोडू नये. कायम १२ व्होल्टची वायर इथं घेऊ नका, नाहीतर चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते.

१२ व्होल्टचे पाच करायला जुने लोक ७८०५ वापरायचे. इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्ट असतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरला साडेचार वॅट नुसती उष्णता. डॅशबोर्डमागे ती नको. एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर घ्या. तो गार राहतो, पण सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो, म्हणून त्याला पत्र्याच्या डबीत ठेवून अँटेनाच्या वायरीपासून लांब बसवा, नाहीतर रेडिओत खरखर येईल.

एवढ्यानंही शीळ उरली तर ग्राउंड लूप आयसोलेटर. डबीत एकास एक प्रमाणाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकातून पार होतं, तांब्याचा दुवा तुटतो. स्वस्त डबीतला गाभा लहान असतो आणि मोठ्या आवाजात खर्ज फाटतो, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. त्यापेक्षा विजेच्या बाजूला आयसोलेटेड कन्व्हर्टर लावणं चांगलं, गाणं अस्पर्श राहतं. पाच व्होल्टचा एक वॅटचा कन्व्हर्टर २०० मिलिअँपिअर देतो. छोट्या प्लेअरला तेवढं पुरतं, फोनला नाही.

आवाजाची पातळी लावण्यात थोडा धीर हवा. हेडफोनच्या जॅकमधून घेत असाल तर रेडिओच्या नेहमीच्या व्हॉल्यूमवर स्टिरिओ ठेवा आणि प्लेअर हळूहळू वाढवत तेवढ्याच जोरावर आणा. सहसा तीन चतुर्थांशाच्या आसपास थांबावं लागतं. फारच कमी ठेवला तर स्टिरिओ चढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही चढते. पूर्ण ठेवला तर तारसप्तकात आवाज चिरकतो. प्लेअरमधला बेस बूस्ट बंद. जुन्या तीस पिनांच्या आयपॉडला यातून सुटका आहे: त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिनेवर उजवा-डावा लाइन आउट आहे आणि तो व्हॉल्यूमच्या बटणाला जुमानत नाही.

सॉकेट ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा आर्मरेस्टच्या खणात काढा, डॅशबोर्डवर नको. हैदराबादेत मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, आणि बंद गाडीत काचेमागचा प्लॅस्टिकचा भाग हात लावू देत नाही. लिथियमची बॅटरी त्या उष्णतेत फुगते आणि पडदा उचलून धरते. गाडी उन्हात सोडून जाताना पिन काढायची आणि प्लेअर बरोबर न्यायचा. तेवढा वेळ सॉकेट रिकामं असतं आणि रेडिओ नेहमीसारखा चालतो.

सेट परत आत सरकवण्याआधी त्याच्या वरच्या पत्र्यावर एक कागद चिकटवा: कुठली रेघ कापली, कुठल्या रंगाची वायर कुठं गेली, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठं लपला आहे. पुढच्या वेळी सेट उघडणारा कारागीर दुसराच कुणी असेल, आणि त्याला ट्यूनरची कापलेली रेघ बिघाड वाटून तो ती जोडून टाकू शकतो.